आत्याच्या माळेतलं सोन्याचं नाणं रोमन असेल का?

मंगळवारपेठकर
आत्याच्या जुन्या पुतळ्यांच्या माळेत एक नाणं बाकीच्यांपेक्षा जाड आहे, एका बाजूला अंबाडा घातलेल्या बाईचा चेहरा न मागं हातात मशाल घेतलेली उभी बाई. गुजरीतले सराफ म्हणाले आटवून टाका, पण आत्याचा जीव होत नाही. कडेनं इंग्रजीसारखी अक्षरं आहेत. कुणाला काय कळतंय का?

नाणेवेडा
आटवू नका, हात जोडून सांगतो! अंबाडा नीट बघा. वेण्या डोक्यावर गुंडाळलेल्या असतील तर थोरली फॉस्टिना असू शकते, रोमन बादशहा अँटोनायनस पायसची बायको. ती गेल्यावर त्यानं तिला देवी ठरवलं आणि स्वतः १६१ साली जाईपर्यंत तिच्या नावानं नाणी पाडत राहिला. मागची मशालवाली म्हणजे सेरेस, धान्याची देवी. अंबाडा मानेवर असेल तर धाकटी, म्हणजे तिची लेक, पुढचा बादशहा मार्कस ऑरेलियसची बायको, आणि तिच्या नाण्यांवर प्रेमाची देवी व्हीनस नाहीतर मुलंबाळं घेतलेली जूनो, म्हणजे लग्न-बाळंतपणाची देवी, दिसते कारण राणीनं वंश वाढवावा हीच दरबाराची अपेक्षा, आणि ती बिचारी डझनभर बाळंतपणं काढून बसलेली. म्हणून मी म्हणतो राणी ओळखायची तर आधी मागची देवी वाचा. मोर दिसला तर जूनो, पण देवी झालेल्या राणीला स्वर्गात नेणाराही मोरच, बादशहाला गरुड असतो.
वजन किती भरलं? त्या काळातलं अस्सल ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, सव्वासात ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे पाऊण तोळ्याला जरा कमी.

मंगळवारपेठकर
वजन उद्या करतो. वर भोक पाडलंय, त्यानं किंमत गेली का?

पंचगंगाकाठ
भोकाचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडं सापडलेल्या कितीतरी रोमन नाण्यांना भोकं आहेत, लोक गळ्यात घालायचे. पण तशीच हुबेहूब नाणी इथल्या सोनारांनीही पाडलीत, तेव्हा अक्षरं नीट लागतात का ते बघा, अस्सल नाण्यावर यू च्या जागी व्ही कोरलेला असतो. आणि कोल्हापुरात रोमन वस्तू कुठून येणार असं कुणी म्हणालं तर त्याला टाउन हॉल म्युझियममध्ये न्या, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती आहे तिथं.

नाणेवेडा
आणि लिंबू, चिंच, पावडर काही लावू नका. दोन्ही बाजू आणि कड, तिन्हीचे फोटो उन्हात काढून टाका. कडेला साच्याची जोडरेघ दिसली तर ओतलेलं आहे, मग अस्सल नव्हे.