गणपतीच्या देखाव्यात ड्राय आइसचा धूर, बेसमेंटमध्ये चालेल का?

बेसा_रोडवाला
नमस्कार मंडळी, यंदा सोसायटीच्या गणपतीला कैलास पर्वताचा देखावा करून राहिलो आम्ही, थर्माकोलला बंदी म्हणून पुठ्ठा आन जुन्या साड्यांचा डोंगर झाला तयार, आता पोरांचं म्हणणं की पायथ्याशी ढग पाहिजेत, लग्नात नवरानवरीच्या एन्ट्रीला सोडतात ना तसे. मांडव दरवर्षी बेसमेंट पार्किंगमध्येच असतो, पावसाचा भरोसा नाही म्हणून. एका कोपऱ्यात पडदे लावून ३० बाय २० फुटांची जागा बंद केली आहे, उंची १० फूट. ओळखीतला एक जण दहा किलो ड्राय आइस आणून देतो म्हणाला. तर आदल्या रात्री आणून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर टिकेल का, पाणी गरम घ्यायचं का थंड, आणि आरतीच्या वेळी लहान पोरं एकदम समोर खाली बसतात त्यांना काही होत नाही ना? वॉचमनकाका एकटेच नाही म्हणून राहिले, बाकी सगळे म्हणतात नुसती वाफ तं आहे. कोणी वापरला असेल तर सांगा प्लीज.

इतवारी_डेकोरेशन
भाऊ आमचा धंदाच आहे हा. फ्रीजरचं डोक्यातून काढून टाका. घरचा फ्रीजर उणे १८ पर्यंत जातो आणि ड्राय आइस आहे उणे ७८.५ चा, त्याच्यासाठी तुमचा फ्रीजर म्हणजे गरम खोलीच, तो तिथंही उडतच राहणार आणि दाराचं रबर घट्ट असलं तर आत गॅस कोंडणार. थर्माकोलचाच डबा लागतो (डेकोरेशनला बंदी आन बर्फाला तोच, काय करता), झाकण नुसतं वर ठेवायचं, टेप मारायची नाही म्हणजे नाही. अशा डब्यातूनही २४ तासांत दोन-चार किलो माल आरामात उडतो म्हणून ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी आणायचा. कारमध्ये आणणार असाल तर काचा खाली, एसी लावून बंद गाडीत नाही. हात लावायचा नाही, जाड कोरडे हातमोजे आणि चिमटा, मोजे ओले असले तर तेच बोटांना चिकटून गोठतात.

पाणी गरम. थंड पाण्यात टाकला की मिनिटभर धूर येतो मग पाणीच इतकं गार होतं की तुकड्याभोवती बर्फाचं कवच जमतं आन खेळ खतम. गरम पाणी बदलत राहायचं, तुकडे थोडे थोडे सोडायचे. बाकी बेसमेंटमध्ये आम्ही करत नाही, पार्टी कितीही पैसे देवो. हॉलमध्ये करतो ते दारं उघडी ठेवून आणि तेही दोन मिनिटांच्या एन्ट्रीपुरतं.

सावजी_तर्री
एवढं काय घाबरायचं बाप्पा. समोर समई ठेवा पेटवून, जोपर्यंत जळते तोपर्यंत टेन्शन नाही. आमच्या गावाकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून पाहतात, विझला तं कोणी उतरत नाही. साधा उपाय आहे, शंभर वर्षांपासून चालू आहे.

रसायनवाली_ताई
सावजीभाऊ, कंदील विझला तर उतरू नका हे बरोबर आहे, पण विझला नाही म्हणजे उतरा असा त्याचा अर्थ काढू नका, या जागी तर अजिबातच नाही. आधी तो धूर काय आहे ते बघा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. आपल्या साध्या हवेच्या दाबाखाली तो वितळून पाणी होतच नाही, घनाचा थेट वायू होतो, द्रवरूपात ठेवायचा तर हवेच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो (लिफ्टच्या खोलीत तो काळ्या भोंग्याचा अग्निशामक सिलिंडर असतो ना, त्याच्यात तसाच दाबून द्रवरूपात भरलेला असतो, सोडला की पांढरा चुरा उडतो तो ड्राय आइसच). आणि हा वायू दिसत नाही. दिसतो तो पांढरा ढग म्हणजे वाफेचे गारठून झालेले पाण्याचे बारीक थेंब. म्हणूनच मे महिन्यातल्या लग्नात आपल्या नागपूरच्या कोरड्या हवेत तो ढग बघता बघता गायब होतो आणि भाद्रपदात दमट हवेत बराच वेळ लोळत राहतो. ढग गेला की लोकांना वाटतं सगळं गेलं, वायू तिथंच असतो.

आता तुमचाच हिशोब करू. एक किलो ड्राय आइसपासून साधारण ५४० लिटर वायू होतो, म्हणजे दहा किलोचे ५,४०० लिटर, ५.४ घनमीटर. तुमची जागा ३० गुणिले २० गुणिले १० म्हणजे ६,००० घनफूट, जवळपास १७० घनमीटर. सगळा वायू सारखा पसरला असं धरलं तरी तीन टक्क्यांच्या वर जातं. नेहमीच्या हवेत तो असतो ०.०४ टक्के, कारखान्यात आठ तासांच्या पाळीला मर्यादा धरतात ०.५ टक्के, आणि चार टक्क्यांना जिवाला तात्काळ धोका मानतात. पडद्यांतून थोडा बाहेर जाईल हे खरं, पण हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यात थंडगार, त्यामुळे तो सारखा पसरत नाही, फरशीलगत साचतो. फरशीवर कोण बसतं आरतीला?

आणि समईचं असं आहे की ज्योत विझायला ऑक्सिजन बराच खाली यावा लागतो नाहीतर हा वायू चार टक्क्यांपेक्षा खूप जास्त व्हावा लागतो. तीन टक्के मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून २०.३ च्या आसपास येईल, समईला पत्ताही लागणार नाही. माणसाला मात्र लागतो कारण हा वायू स्वतःच त्रास देतो, रक्तातलं आम्ल वाढवतो, धाप लागते, डोकं दुखतं, गरगरतं, आणखी वाढला तर शुद्ध जाते. मॉस्कोला २०२० मध्ये एका पार्टीत धुरासाठी बंदिस्त जागेतल्या पोहण्याच्या तलावात पंचवीस किलोच्या आसपास ड्राय आइस ओतला होता, तीन माणसं गेली. तुमचे वॉचमनकाका बरोबर आहेत.

सावजी_तर्री
ताई मान्य. पण मग विहिरीवाले काय मूर्ख का?

रसायनवाली_ताई
मूर्ख कशाला. पालापाचोळा कुजून वायू साचलेल्या खोल विहिरीत तो इतका दाट असू शकतो की कंदील लगेच विझतो, तेवढं सांगायला कंदील पुरतो. मधली पातळी, जिथं ज्योत जळते आणि माणूस पडतो, ती त्याला कळत नाही.

पानठेला_प्रेमी
थोडं विषयांतर, धरमपेठेत वगैरे ते स्मोक पान मिळतं, तोंडातून धूर निघते, ते पण हेच का? आन प्रसादाच्या सरबतात एक तुकडा टाकला तर पोरं खूश होतील असं वाटलं.

इतवारी_डेकोरेशन
नको रे बाबा. २०२४ मध्ये गुरुग्रामला एका कॅफेत जेवण झाल्यावर माउथ फ्रेशनर म्हणून चुकून ड्राय आइस दिला होता, खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या, पेपरात मोठी बातमी होती.

रसायनवाली_ताई
धुराच्या पानात, बिस्किटात बहुतेक लिक्विड नायट्रोजन असतो, तो अजून थंड, उणे १९६. दोन्ही पोटात जायला नको. ड्राय आइसचा तुकडा पाण्यापेक्षा जड असतो, ग्लासच्या तळाशी बसतो, शेवटच्या घोटाबरोबर घशात जाऊ शकतो. तिथं एक तर जळतो आणि वर वायू होऊन फुगतो. आणखी एक, मोठी पोरं व्हिडिओ बघून बाटलीत पाणी आणि तुकडा टाकून बूच लावतात, ती बाटली कधी फुटेल सांगता येत नाही आणि डोळ्यांवर येते. डबा पोरांच्या हाताला लागूच देऊ नका. चुकून कातडीला चिकटला तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं आणि फोड किंवा पांढरा डाग दिसला की दवाखाना.

बेसा_रोडवाला
बापरे, बरं झालं विचारलं. मीटिंगमध्ये ताईंचा हिशोब वाचून दाखवला, बेसमेंट कॅन्सल. पण पोरं रुसली आहेत. दुसरं काही आहे का धुरासाठी? आणि थोडासा ड्राय आइस गच्चीवर पोरांना दाखवायला आणला तर चालेल का, एक-दोन किलो?

इतवारी_डेकोरेशन
अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकर घ्या, पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची चकती असते, पाण्याला थरथरवून बारीक तुषार उडवते, गॅसबिस काही नाही. डोंगराच्या मागे दोन-तीन ट्रे लावा आणि छोटा पंखा. फक्त लायटिंगच्या माळा ट्रेपासून लांब ठेवा आणि फरशी ओली होते, आरतीच्या गर्दीत कोणी घसरायला नको.

रसायनवाली_ताई
गच्चीवर उघड्यात, मोठं माणूस सोबत, एक किलो पुष्कळ झाला. चुन्याची निवळी करा, पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वरचं स्वच्छ पाणी. बारीक तुकडा टाकला की दुधाळ होते, शाळेच्या पुस्तकातलं कॅल्शियम कार्बोनेट. तुकडे टाकत राहिलात तर काही वेळाने परत स्वच्छ व्हायला लागते कारण जास्तीच्या वायूने त्याचं बायकार्बोनेट होऊन विरघळतं. हीच गोष्ट उलटी फिरली की बोअरच्या पाण्यातलं तेच बायकार्बोनेट पाणी उडाल्यावर कुलरच्या जाळीवर पांढरा थर होऊन बसतं, जो आपण दर उन्हाळ्यात खरवडतो. आणि बाप्पाला वाहिलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा, जांभळट पाणी होतं, त्यात निवळीचे दोन-चार थेंब टाकले की हिरवट, मग ड्राय आइस टाका, पाण्यात कार्बोनिक आम्ल तयार होऊन रंग परत जांभळ्या-गुलाबीकडे सरकतो. मला विचाराल तर धुरापेक्षा हे भारी.

उरलेला तुकडा बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, भांडं तडकतं. गच्चीवरच डब्यात झाकण काढून ठेवा, पोरांपासून लांब, आपोआप उडून जातो.

बेसा_रोडवाला
जास्वंदीचं करतोच. मिस्ट मेकरच्या ट्रेमध्ये बोअरचं पाणी चालेल ना, ते टाकीत भरपूर आहे.

इतवारी_डेकोरेशन
नको, बोअरचं घेतलं तर ते तुषार सुकून सगळ्या मूर्तीवर पांढरी भुकटी बसते आन चकती पण लवकर जाते. आरओचं घ्या, एका ट्रेला पाच-सहा लिटर लागेल, रात्री ट्रे रिकामा करून पुसून ठेवा नाही तं डास.