मदत हवी आहे: बायोमेडिकल इंजिनीअरिंगसाठी दोन विद्यापीठांतून कोणते निवडावे?

बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत असून दहा दिवसांत निर्णय कळवायचा आहे. शुल्क जवळपास सारखेच आहे आणि अंतराचीही अडचण नाही, त्यामुळे प्रश्न केवळ शिक्षणाचा आहे.

पहिल्या विद्यापीठाला स्वतःचे रुग्णालय आहे आणि तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी तिथल्या उपकरण-देखभाल विभागात काम करतात. मात्र सिग्नल प्रोसेसिंगला, म्हणजे मोजलेल्या संकेतांवर प्रक्रिया करून ते स्पष्ट करण्याच्या विषयाला, तिथे एकच सत्र आहे. दुसऱ्याचा पाया इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, पण जवळ रुग्णालय नाही. तिथल्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी स्वतः जोडलेल्या सर्किटवर, जेमतेम एक मिलिव्होल्टच्या ईसीजी संकेतातून वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट गाळून काढत होती; पडद्यावरची थरथरती रेघ हळूहळू स्पष्ट होताना पाहिली आणि माझे मन तिथेच रेंगाळले.

दोन्ही अभ्यासक्रम मी ओळीने ताडून पाहिले आहेत. माजी विद्यार्थ्यांशीही बोलणे झाले, पण प्रत्येकाने आपापल्या विद्यापीठाचीच बाजू घेतली. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ १३४८५ हे मानक दोन्हीकडे नावापुरतेच शिकवतात. मला पुढे उपकरणांच्या रचनेतच काम करायचे आहे; देखभाल किंवा विक्रीत नाही. लगेच पदव्युत्तर शिक्षण घेणे शक्य होणार नाही, म्हणून या पदवीवरच नोकरी मिळायला हवी.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारावेसे वाटते: रुग्णालयातला अनुभव आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पक्का पाया, यांपैकी कोणती उणीव नोकरीत रुजू झाल्यावर भरून काढता येते आणि कोणती कायमची राहते?