बालपण-अभ्यास आणि गुन्हेशास्त्र एकत्र शिकवावं का?

मृण्मयी_को
ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत बालपण व युवा अभ्यास आणि गुन्हेशास्त्र अशी जोडपदवी मिळते. आपल्याकडेही ती हवीच. सामाजिक तपासणी अहवालाचंच बघा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या घरची आणि परिस्थितीची माहिती देणारा अहवाल. मुलाला बाल न्याय मंडळापुढे (अल्पवयीनांची प्रकरणं चालतात तिथे) पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने तो द्यायचा असतो. कारण म्हणून ‘वाईट संगत’ एवढंच लिहिलं, तर मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. संगत बरोबरीच्यांची की मोठ्यांची? शाळा आधी सुटली की संगत आधी लागली? हे प्रश्न गुन्हेशास्त्रातून सुचतात. १४ वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला ते विचारायचे कसे, हे बालविकासाचं शिक्षण असलेल्यालाच जमतं.

सातारी_वकील
मृण्मयीताई, जोडपदवीत दोन्ही अर्धवट राहतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४ वाचा. मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत २ सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांना मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान ७ वर्षांचा अनुभव हवा, नाहीतर बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांतली पदवी आणि त्यातला व्यवसाय. गुन्हेशास्त्राचं नावच नाही. शिवाय इंग्लंडमध्ये १० व्या वर्षापासून मुलावर आरोप ठेवता येतो, स्कॉटलंडमध्ये १२ व्या. तिथला अभ्यासक्रम इथे जसाच्या तसा बसणार नाही.

मृण्मयी_को
यादी मान्य, पण मंडळावर बसणं हे एकच काम नाही. कलम १५ घ्या. निर्घृण गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवायला त्याचं प्राथमिक मूल्यांकन ३ महिन्यांत करायचं असतं: क्षमता, परिणामांची समज, परिस्थिती. बुद्ध्यांक ठीक आला की ‘समज आहे’ असं लिहून मोकळं होणं, ही इथली सर्वांत घातक चूक. खोलीत शांतपणे उत्तरं देणारा मुलगा चार मित्रांसमोर वेगळाच वागतो. परिणाम म्हणजे फक्त तात्कालिक परिणाम नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये सांगितलं आहे.

कोपरा१८
निर्घृण कशाला म्हणायचं, यावरच गाडी अडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या शिल्पा मित्तल निकालानुसार किमान शिक्षा ७ वर्षं किंवा जास्त असेल तरच गुन्हा त्यात मोडतो. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. २०२४ च्या पुण्यातल्या कार अपघातानंतर सगळी चर्चा अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटीत लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर झाली, हा मुद्दा मागे पडला.

दोन्ही विषय हवेत, पण क्रम ठरवा. आधी बालपण, मग गुन्हेशास्त्र. उलट केलं तर विद्यार्थी प्रत्येक मुलात ‘धोक्याची लक्षणं’ शोधत बसतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला भेद पहिल्याच सत्रात शिकवावा: बहुतेकांचं गैरवर्तन किशोरवयापुरतं असतं, थोड्यांचंच आयुष्यभर टिकतं.

सातारी_वकील
हा क्रम पटला. तरी पदवी समाजकार्याचीच ठेवा आणि गुन्हेशास्त्राचे दोन पेपर सक्तीचे करा. त्यातल्या एकात कलम ७४ आणि २४ हवीत. मुलाची ओळख उघड करायची नाही आणि अल्पवयात केलेल्या गुन्ह्यामुळे सहसा पुढे अपात्रता येत नाही, हे क्षेत्रकार्याला जाण्याआधीच विद्यार्थ्याला पाठ पाहिजे.