चर्चा: तपासणीशिवाय नायट्याची गोळी द्यावी का?

लालमाती: आमच्या तालमीत निम्म्या पोरांच्या जांघेत नायटा आहे, आणि प्रत्येकाच्या पेटीत तीच ट्यूब. क्लोबेटासॉल नावाचं कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकातच. दोन दिवसांत खाज गायब, महिनाभरात चट्टा मांडीभर. माझं म्हणणं: लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय टर्बिनाफाइनची, म्हणजे बुरशी मारायची, गोळी कुणाला देऊच नये. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलेली बुरशी आपल्याकडे माजलीय. तिच्या बऱ्याच नमुन्यांवर ही गोळी चालत नाही.

शिरोली_फाटा: काय भावा, कल्चरला, म्हणजे लॅबच्या बशीत बुरशी वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागतात. तोवर फौंड्रीत भट्टीपुढं घामानं निथळणाऱ्यानं खाजवत बसायचं व्हय? गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ. एवढं तर डॉक्टरला नुसतं बघून कळतं. पैसे कोण भरणार?

काचपट्टी: स्टिरॉइड चोळून आलेल्याची ती कडाच पुसलेली असते, मग बघणाऱ्याला इसब वाटतो. बोथट पात्यानं कडेची साल खरवडायची, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप. सालीतलं केराटिन विरघळलं की मायक्रोस्कोपखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसतात. बहुतेकदा अर्ध्या तासाचं काम, खर्चही फार नाही. पण लालमाती, त्यात बुरशीची जात कळत नाही, गोळी चालेल का तेही नाही.

लालमाती: म्हणून तर कल्चर आणि जनुक तपासणी म्हणतोय. टर्बिनाफाइन बुरशीचं स्क्वालिन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. त्याच्या जनुकात बदल झाला की औषध तिथं बसतच नाही. मग गोळ्या गिळून उपयोग काय?

ओपीडी_सोमवार: बशीतला निकाल आणि पेशंट जुळतीलच असं नाही. बशीत मरणारी बुरशी कोर्स अर्धवट सोडणाऱ्याच्या अंगावर मजेत राहते. इट्राकोनाझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची असते, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असल्या तर ती नीट शोषली जात नाही. बशीला ना जेवण, ना ॲसिडिटी. बरं, सगळी तालीम एकमेकांचे टॉवेल वापरणार, मग रिपोर्ट काय करणार?

जुना_आखाडा: आमच्या वेळी मातीत हळद, ताक, तेल घालायचो. असली थेरं नव्हती.

काचपट्टी: वस्ताद, नायटा तेव्हाही होता. ही ट्यूब नव्हती.

शिरोली_फाटा: हाच माझा मुद्दा! 2018 पासून स्टिरॉइडच्या बऱ्याच मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "खाजेचं द्या" म्हटलं की हातात ठेवतो. आधी त्याला आवरा, मग जनुकं बघू.

लालमाती: टॉवेल, लंगोट वेगळे करतो. पण नीट कोर्स करूनही ज्यांचा गेला नाही, त्यांचं तरी कल्चर कराल का?

ओपीडी_सोमवार: त्यांचं करूच. ट्यूब आजपासून बंद. बुरशीचं औषध लावून आलात तर कल्चर रिकामं येऊ शकतं, आणि मग तुम्हीच म्हणाल लॅब खोटी.

शिरोली_फाटा: आणि मेडिकलवाला?