मदत हवी आहे : रशियातल्या व्हाउचर खासगीकरणाची तुलना कशी मांडावी?

अभ्यासवर्गासाठी टिपण करतोय. ऑक्टोबर १९९२ पासून रशियात प्रत्येक नागरिकाला १०,००० रूबल दर्शनी किमतीचं व्हाउचर, म्हणजे सरकारी कारखान्यांचे शेअर घेण्यासाठीचं प्रमाणपत्र, मिळालं. ते विकता येत होतं, त्यामुळे गरजवंतांनी ते रस्त्यावरच कवडीमोलाने विकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं, खरी मेख दुसरीकडे आहे. कारखान्यांपुढे तीन पर्याय होते आणि बहुसंख्यांनी दुसरा निवडला: कामगार व व्यवस्थापनाने मिळून ५१ टक्के मतदानाचे शेअर पुस्तकी किमतीच्या (हिशेबवहीत नोंदलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या) १.७ पट दराने घ्यायचे. त्या वर्षी किमती सुमारे २५ पट वाढल्या, पण पुस्तकी किंमत जुनीच! मालकी कागदावर कामगारांची, ताबा मात्र जुन्या संचालकांचा.

उलट कझाकस्तानात कूपन (तिथलं व्हाउचर) विकायला बंदी, ते गुंतवणूक फंडांतच टाकायचं. एस्टोनियाने मोठे उद्योग निविदा काढून मुख्य गुंतवणूकदाराला विकले.

तर जाणकारांनो, तिन्ही देशांना एकच निकष कोणता लावावा? बाहेरच्या भागधारकांचा वाटा की संचालक बदलण्याचं प्रमाण? पहिला सोपा, पण बेनामी खरेदीने फसवतो. आणि रशियातले १९९५ चे 'कर्जाच्या बदल्यात शेअर' व्यवहार (बँकांनी सरकारला कर्ज देऊन सरकारी कंपन्यांचे शेअर तारण घेतले, ते) यातच धरावेत का? माझ्या मते वेगळे ठेवावेत, तिथे व्हाउचर नव्हतेच.