जुन्या गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नुकतीच एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत गंजाळलेलं, चहासारखं पाणी! झाकणाच्या आत बोट फिरवलं तर तपकिरी गाळ लागला. आधीच्या मालकाने काय भरलं होतं, याची नोंद नाही आणि नुसत्या रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. त्यामुळे वरून भर घालण्यापेक्षा सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, मॅन्युअलमध्ये दिलेलं ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारित) कूलंट डिस्टिल्ड वॉटरसोबत ५०:५० प्रमाणात भरावं म्हणतोय. पण हीटर कोअरमधलं (गाडीच्या आतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधलं) जुनं पाणी कसं काढायचं? फ्लश किती वेळा करावं? भरल्यावर आत हवा अडकून इंजिन तापेल आणि हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जाईल, याची खरंच धास्ती वाटते. ज्यांनी हे स्वतः केलंय, त्यांनी कृपया हवा काढायची पद्धत नीट सांगा.