तातडीने मदत हवी: लॅपटॉप निळ्या स्क्रीनच्या पुढे जातच नाहीये

हिशेबनीस_सांगली:
काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालू होता. आज चालू केला तर लोगो येतो, खाली गोल फिरतं, मग निळा स्क्रीन आणि आपोआप रिस्टार्ट, परत तेच. स्टार्टअप रिपेअर केलं, काही उपयोग नाही. सगळ्या पार्ट्यांचा टॅलीचा डेटा यातच आहे आणि २० तारखेच्या आत जीएसटीची ३बी रिटर्न भरायच्यात, प्लीज लवकर सांगा.

भटका_जीव:
निळ्या स्क्रीनवर लिहिलंय काय? ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार. आणि विंडोज कुठलं, आदल्या दिवशी काय नवीन टाकलं?

पेंग्विनप्रेमी:
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, कटकट संपेल. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

हिशेबनीस_सांगली:
विंडोज ११ आहे. नवीन काहीच टाकलं नाही, फक्त अपडेट झाला. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं येतंय. आणि मिंटवर टॅली कशी चालवू?

नाना_हार्डवेअर:
एसएसडी, म्हणजे डिस्क गेली. दुकानात असे रोज येतात. नवीन टाका, फ्रेश विंडोज मारा, तासाभराचं काम.

स्वाती_के:
नाना, न बघता एसएसडी गेली कशी म्हणता? कसला अपडेट होता ते विचारा आधी. विंडोजचा का बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमचा?

हिशेबनीस_सांगली:
लॅपटॉपच्या कंपनीच्या ॲपमधून आलेला, बायोस का काहीतरी होतं, काळ्या स्क्रीनवर टक्के दाखवत होता. एसएसडी मागच्या दिवाळीत एका इंजिनिअरकडून नवीन बसवून घेतलीय, विंडोज त्यानंच टाकलं.

स्वाती_के:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! बायोस अपडेट झाला की बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेटिंग डिफॉल्टवर जातात. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या मशीनमध्ये व्हीएमडी नावाचा डिस्क हाताळायचा ऑप्शन बायोसमध्ये असतो, तो चालू असला की विंडोज टाकताना डिस्क दिसत नाही, म्हणून इंजिनिअर लोक तो बंद करून विंडोज टाकतात. आता तो परत चालू झाला असणार, आणि तुमच्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. आधी एवढंच बघा: बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर डिस्क बहुतेक धडधाकट आहे. मग व्हीएमडी डिसेबल करा, सेव्ह करून बाहेर या. पण त्याआधी बिटलॉकरची (विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची) ४८ आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मोबाईलवरून बघता येते. आणि फॉरमॅट, रिसेट काही म्हणजे काही करू नका, डेटा जाईल.

नाना_हार्डवेअर:
म्हणूनच मी गिऱ्हाइकाला सांगतो, चालत्या मशीनच्या बायोसला हात लावायचा नाही.

भटका_जीव:
असं सरसकट नाही हो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना व्होल्टेजचा त्रास होता, त्यावरचा २०२४ चा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अपडेटमधूनच मिळाला. ज्यांनी नाही केला त्यांचे प्रोसेसर खराब व्हायची भीती. अपडेट करा, फक्त आधी बिटलॉकर सस्पेंड करा आणि बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

करसल्ला:
अवांतर: ज्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे आणि तिमाही योजना घेतलीय त्यांना महाराष्ट्रात ३बीची २२ तारीख असते, २० नाही.

हिशेबनीस_सांगली:
माझ्या पार्ट्या मासिकच आहेत हो.
एसएसडीचं नाव दिसतंय. व्हीएमडी एनेबल होतं, बंद केलं. आता खरंच रिकव्हरी की मागतोय! माझ्या अकाउंटवर काहीच नाही.

स्वाती_के:
विंडोज टाकलं तेव्हा अकाउंट कुणाचं टाकलं होतं? रिकव्हरी की त्याच अकाउंटवर असेल. स्क्रीनवर की आयडी दिसतोय त्याचे पहिले ८ आकडे-अक्षरं जुळवून बघा.

हिशेबनीस_सांगली:
मुलीचं होतं, ती पुण्याला असते. तिनं फोनवर वाचून दाखवली, चालू झाला!! टॅलीच्या सगळ्या कंपन्या उघडतायत. स्वातीताई, फार मोठं काम केलंत. पहिल्यांदा बॅकअप घेतोय.

घाटावरचा:
माझाही सेम प्रॉब्लेम, पण बायोसमध्ये व्हीएमडी दिसतच नाही. काय करू?

स्वाती_के:
काही एसर मॉडेलमध्ये मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की लपलेला ऑप्शन दिसतो. तुमचा प्रोसेसर कुठला? एएमडी असेल तर शोधू नका, व्हीएमडी इंटेलचंच असतं. वेगळा धागा काढा आणि स्क्रीनचा फोटो टाका.